टिंगू नावाड्याचं भाषण

मुलांच्या गोष्टी लिहिणारी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, ही गोड असणार. मी गोड नाही. रांझीच्या आमच्या क्वार्टरांमध्ये कोणालाही विचारा. माझ्या दारावर आदळलेले पोरांचे तीन चेंडू अजून माझ्या ट्रंकेत आहेत आणि ते मी देणार नाही.

माझं नाव हेमलता. यजमान टायफॉइडनं गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, पदरी मूलबाळ नाही. त्यांच्या जागी फॅक्टरीत मला घेतलं. काम पेट्यांचं. तोफगोळे भरून लाकडी पेट्या यायच्या, त्यांच्यावर पत्र्याचा साचा धरायचा आणि काळ्या रंगानं नंबर उमटवायचे. दिवसभर तेच. घरी आल्यावर त्याच काळ्या बोटांनी मी काजळराजाची गोष्ट लिहायची. नागपूरच्या एका मुलांच्या मासिकात ती दर महिन्याला छापून यायची. चौसष्ट साली सुरू झाली आणि बारा वर्षं चालली.

काजळराजा धबधब्यामागच्या गुहेत राहतो आणि दिव्यांचा उजेड पितो. ज्या गावाचा उजेड तो पितो, तिथली माणसं एकमेकांना ओळखेनाशी होतात, बाप लेकाला दगड मारतो. त्यानं चोरलेले सात दिवे परत आणायला दोन भावंडं निघतात. संगमरवराच्या कड्यांमधून त्यांना नावेतून नेतो तो टिंगू नावाडी. बस, एवढीच गोष्ट. एका बाजूला चांगलं, एका बाजूला वाईट. मुलांना असंच लागतं, आणि खरं सांगू का, मलाही तेच बरं वाटायचं.

टिंगू मी शेजारून उचलला होता. आमच्या भिंतीला लागून गुणवंतभाऊंचं क्वार्टर. ते फॅक्टरीतच फिटर. त्यांची बायको भानुमती, माझी भानुवहिनी. दोन लेकरं, शशिकांत आणि त्याच्याहून दोन वर्षांनी लहान विनता. शशी म्हणजे हाडांचा सापळा, आणि भित्रा तर इतका की पालीला पाहून पाटावर चढायचा. पण पुढे जायचं असलं की सगळ्यांत आधी हाच. एकदा संक्रांतीला आम्ही सगळे ग्वारीघाटावर गेलो होतो. नावेतून पाण्यात उडी मारायची पोरांची पैज लागली. हा नावेच्या टोकावर उभा, अंग लटलट कापून राहिलं होतं.

मी म्हटलं, "काहून रे शशी, भ्यालास?"

"मी नाही भ्यालो मावशी. मला फक्त घाम येऊन राहिला."

जानेवारीची थंडी हो! आम्ही पोट धरून हसलो. आणि कार्ट्यानं उडी मारली.

हे वाक्य मी टिंगूला देऊन टाकलं. मगर आली, टिंगूला घाम. भोवरा आला, टिंगूला घाम. पोरं पत्रं लिहायची, टिंगूला रुमाल पाठवू का म्हणून. शशीला फार अभिमान. शाळेत सगळ्यांना सांगायचा, टिंगू म्हणजे मी.

पासष्टच्या लढाईत फॅक्टरीत दोन-दोन पाळ्या सुरू झाल्या. खिडक्यांना काळे कागद लावले. शशी तेव्हा तेरा वर्षांचा. माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "मावशी, काजळराजाकडे आगीचे गोळे आहेत ना, ते कोण भरून देतं त्याला?"

"अभ्यास कर जा," मी म्हटलं. मला उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर आलं नाही की मी चिडते.

सत्तर साली तो फौजेत गेला. एकाहत्तरच्या डिसेंबरात पुन्हा लढाई. फॅक्टरीच्या गेटवर भोंगे बांधले होते. आत जाताना भाषण, बाहेर येताना भाषण. मातृभूमी, रक्त, ज्योत, धन्य ते वीर. आम्ही डबे हातात घेऊन त्याच्याखालून जायचो. लढाई संपली, पेढे वाटले, आणि नंतर आठ दिवसांनी गुणवंतभाऊंच्या दारात तार आली. शिपाई शशिकांत बेपत्ता. मेला असं नाही लिहिलं, बेपत्ता.

बेपत्ता म्हणजे काय करायचं असतं? रडायचं की स्वयंपाक करायचा? वहिनी स्वयंपाक करायची. दोन आठवडे ती कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी ताटलीत लसूण घेऊन माझ्याकडे आली, जमिनीवर बसली आणि सोलायला लागली.

"या महिन्याचं लिहिलं?"

"लिहिलं."

"वाच. टिंगूचं वाच."

मी वाचलं. टिंगू वादळात सापडलेला, भावंडांना धीर देतो असं लिहिलं होतं. वहिनीनं हात थांबवला. "अच्छा, पण असा नाही बोलणार तो. तो आधी विचारेल, खायला काय आहे. भूक लागली की त्याला धीर येत नव्हता."

मी तिथल्या तिथे खोडलं आणि तसं लिहिलं. आणि खोटं कशाला बोलू, परिच्छेद झकास झाला.

तेव्हापासून दर रविवारी हेच. मी वाचायची, ती लसूण सोलायची, नाही तर तांदूळ निवडायची, आणि टिंगूचं बोलणं दुरुस्त करायची. टिंगू वरण कसं ओरपतो, बहिणीला चिडवताना काय म्हणतो, झोपेत काय बडबडतो, सगळं तिनं सांगायचं. वर्षभरानं युद्धकैदी परत आले. गुणवंतभाऊ रजा काढून यादी बघून आले. नाव नव्हतं. त्या रविवारीही वहिनी आली. टिंगूला मी विहिरीत अडकवून ठेवलं होतं, तिनं मला दोन शिव्या घातल्या आणि आधी बाहेर काढायला लावलं.

असं चार वर्षं चाललं. वाचणाऱ्या मुलांना मिशा फुटल्या, नवी मुलं आली. संपादकांची पत्रं यायला लागली, बाई, आता काजळराजाला संपवा, आणि शेवटाला एखादं बलिदान असू द्या, त्याशिवाय चांगल्याचा विजय उठून दिसत नाही. मी पत्रं चुलीत घातली.

मग विनताचं लग्न आलं. खरं म्हणजे आलं आणि अडकलं. दोन स्थळं वहिनीनं नुसती "थांबा" म्हणून घालवली. तिसरा मुलगा श्यामसुंदर, नागपूरला रेल्वेत, विनताला मनापासून पसंत. त्याच्या घरच्यांनी सांगितलं, वैशाखापर्यंत थांबू, पुढे नाही. वहिनीचं एकच, "नवरदेवाचा कान कोण पिळणार? भाऊ आहे ना तिला. तो आला की करू." आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट वागव म्हणून बजावतो. शशी लहानपणापासून म्हणायचा, मी असा पिळीन की तुटून हातात येईल.

एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर गुणवंतभाऊ गेटबाहेर माझ्यासाठी थांबले होते. सायकल हातात धरून माझ्यासोबत चालायला लागले.

"ताई, एक मागतो. टिंगूला मारून टाका."

मी थांबलेच. "काय बोलून राहिले भाऊ?"

"ती माझं ऐकत नाही, फौजेच्या कागदाचं ऐकत नाही. तुमच्या गोष्टीचं ऐकते. तिथे तो जिवंत आहे म्हणून हिला वाटते येईल. माझा पोरगा गेला, ते मला समजलं. आता पोरगीही घरात सुकून जाईल. तुम्ही लिहा. हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले, तशी सायकल धाडकन रस्त्यावर पडली. विनताचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. बावीस नाही पुरे झाले आणि पोरगी चाळिशीतली दिसायला लागली होती. मी हो म्हटलं.

लिहायला बसले. शेवटचा दिवा घेऊन भावंडं गुहेतून पळतात, वरून कडा कोसळतो, टिंगू खांद्यानं दगड अडवून धरतो, दोघं निसटतात. इथपर्यंत सरसर झालं. मग टिंगूनं काहीतरी बोलायचं होतं. मी लेखणी धरून बसले, पण टिंगू बोलेना. इतकी वर्षं त्याचं बोलणं वहिनी सांगत आली होती, आणि तिला मी कशी विचारणार? वहिनी, तुझा मुलगा मरताना काय बोलेल गं? सरळ चालत जाऊन विचारायला हवं होतं. भिंतीपलीकडे तर होती. मी नाही गेले. मी भ्याले, आणि मला घामसुद्धा आला नाही.

मग मी एक भाषण लिहिलं. "भावंडांनो, शोक करू नका. मातृभूमीसाठी देह ठेवण्याहून थोर भाग्य नाही. माझं रक्त या मातीत मिसळू द्या. ही ज्योत तेवत ठेवा!" लिहिताना जराही अडलं नाही. फॅक्टरीच्या गेटवरून रोज कानांत पडलेलं होतं, ते हातातून आपोआप उतरलं.

रविवारी वहिनी आली. मी म्हटलं, "हात दुखून राहिला, या महिन्यात नाही लिहिलं." ती म्हणाली, तेल लावून देते, आणि खरंच वाटीत तेल कोमट करून आणलं, माझी बोटं एक-एक करून चोळून दिली. पाकीट त्याआधीच पोस्टात पडलं होतं.

अंक आला तो मी तिच्या हातात दिला नाही. विनताजवळ दिला. दोन दिवस भिंतीपलीकडून आवाज नाही. तिसऱ्या दिवशी गुणवंतभाऊ सांगायला आले, वैशाखातली तारीख धरली. रडत होते आणि आभार मानत होते. संपादकांनी कळवलं, असा अंक वर्षानुवर्षांत निघाला नाही, पोरं ढसाढसा रडली.

लग्न झालं. कान मोहननं पिळला, विनताच्या मावसभावानं. हळूच पिळला, परक्याचा पिळावा तसा. वहिनीनं सगळं नीट केलं, आहेर, मानपान, पाठवणी. माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, रागावली आहे, रागावू दे, पोरगी तर सुटली.

विनता सासरी गेली, त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी वहिनी आली. हातात लसूण नव्हता. तोच अंक होता.

"हेमा, तू मला न दाखवता काहून पाठवलं?"

"तुला सहन झालं नसतं. तू त्याची वाट पाहत होतीस."

"वाट?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तार आली त्याच दिवशी मला समजलं होतं गं. आईला समजते. मी मेलेल्याला जिवंत समजू, एवढी पागल वाटली का तुला? तो गेला होता, पण इथे बोलत होता ना. दर रविवारी नवीन काही बोलायचा. लग्न झालं की सगळे म्हणतील, आता बस, संपलं. म्हणून थांबत होते. चुकलं माझं, पोरीचे हाल केले. पण तू मला सांगितलं असतं, तर मी दिलं असतं मारायला. बसून दोघींनी मारलं असतं."

तिनं अंक उघडला, त्या पानावर बोट ठेवलं. "आणि हे काय? ज्योत म्हणे. रक्त म्हणे. तो असा बोलला असता होय? दगडाखाली? त्याला घाम आला असता गं, हेमा. तो एवढंच म्हणाला असता."

मी रडले. ती रडली नाही. अंक माझ्या ओट्यावर ठेवून निघून गेली.

पुढच्या वर्षी नागपूरचे लोक गोष्टीचं पुस्तक काढायला तयार झाले. पहिल्यांदा मी काय केलं असेल, तर भानुवहिनीकडे धावले. "वहिनी, ते पान मी बदलते. भाषण काढून टाकते. घामाचंच वाक्य घालते. तू सांग, कसं म्हणायचा, अगदी तसंच लिहिते."

तिनं डोळे मिटले. ओठ हलले.

"शब्द माहीत आहेत," ती म्हणाली, "पण आवाज नाही येऊन राहिला. पहिले यायचा. तू वाचायचीस आणि मला त्याचा ऐकू यायचा. आता आठवायला गेले की ते भाषणच येते, भोंग्यातल्या माणसाच्या आवाजात."

पान मी बदललं. पुस्तकात टिंगू दगडाखाली घामाचंच बोलतो. मुलं लिहितात की तिथे आधी हसू येतं आणि मग रडू येतं. माझं नाव झालं. शाळांमध्ये बोलावतात, हार घालतात.

वहिनी आता पुन्हा रविवारी येते. लसूण आणते, जमिनीवर बसते आणि म्हणते, वाच. मला माहीत असतं कुठलं पान. मी वाचते, "मी नाही भ्यालो. मला फक्त घाम येऊन राहिला." ती मान हलवते. मी हळू वाचून पाहते, घाईनं वाचते, पोरासारखा बारीक आवाज काढते. साठीची बाई मी, लाज सोडून काढते.

"नाही," ती म्हणते. "असं नव्हता म्हणत."

मी पुन्हा वाचते.