पुढचं घरी वाचा

बाईंनी उभी हयात शाळेत पचनसंस्था शिकवली, पण पुरती कधीच शिकवली नाही. तोंडात घासात लाळ मिसळते, अन्ननलिका तो खाली ढकलते, जठरात तो घुसळला जातो, लहान आतड्यात पाचकरस भेटतात आणि अन्नाचं सत्त्व रक्तात जातं, मोठं आतडं उरलंसुरलं पाणी शोषून घेतं... इथवर खडू झरझर चालायचा. मग बाई हात झटकायच्या. "पुढचं घरी वाचा." वर्गात कुणी वारा सोडला की मात्र दरडावायच्या, "कोण तो? हात वर कर." इतक्या वर्षांत एक हात वर आला असेल तर शपथ.

आता त्याच बाई दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. आतड्याचा खराब तुकडा काढून दोन टोकं जोडली होती, आणि जोडलेलं आतडं रुसून बसलं होतं. पाण्याचा घोटही बंद.

"आतडं चालू झालं की आधी वारा सरतो," तरुण सर्जनबाई म्हणाल्या. "सरला का, आजी?"

बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"संध्याकाळपर्यंत पोट असंच फुगत राहिलं, तर कुठे अडलंय ते पुन्हा उघडून बघावं लागेल."

बाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

दुपारी सून त्यांना धरून व्हरांड्यात फिरवत होती. "आई, खरं सांगा. येतोय का?"

"सकाळपासून."

"मग?"

"चार माणसं असतात गं समोर."

सून जागीच थांबली. "म्हणजे दाबून ठेवलाय? आई, तुम्हाला पुन्हा आत नेलं तर मी काय करू? लोकांना काय ऐकायचं ते ऐकू दे." आणि तिला रडू फुटलं.

बाईंना भरून आलं. या पोरीला आपण घरात कधी मोठ्याने हसूही दिलं नाही, आणि ही आपल्यासाठी रडतेय.

संध्याकाळी सर्जनबाई शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आल्या. शेजारच्या खाटेपाशी त्या बोलत असताना बाई कुशीवर वळल्या, डोळे मिटले आणि लाज सोडली. जुन्या दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरत सुरू झालेला आवाज वाढत गेला, तो थांबेचना. शेजारच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

सर्जनबाई गर्रकन वळल्या. "कुणाचा?"

बाईंनी हात वर केला. ताठ, सलाइनच्या नळीसकट.

"माझा."

सर्जनबाईंनी पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. "चाललंय आतडं. आजी, आता घोटभर पाणी घ्या."

सून खदखदून हसली, अगदी वॉर्डाच्या दारापर्यंत ऐकू जाईल इतकी, आणि बाई तिला काही म्हणाल्या नाहीत. आजोबांनी टाळी वाजवली, मग सगळ्या खाटांवरून टाळ्या पडल्या. पाण्याचा पहिला घोट बाईंनी डोळे मिटून गिळला. तो गळ्यातून खाली उतरताना त्यांना कळत होता.

डोळे उघडले तर एक शिकाऊ डॉक्टर तोंडावर हात धरून फिदीफिदी हसत होता.

"दात काय काढतोस?" बाई म्हणाल्या. "लिहून घे. धडा इथे संपतो."