कपाळावरचा डाग

“आरसा मांगायचा नाही, पहिलेच सांगून ठेवते,” विमलताई म्हणाली. “तोंड भोपळ्यावानी सुजते. डोळे मिटून जातात. माणसाले वाटते, नाकाच्या नादात डोळेबी गेले. तसं काही नसते. दोन-चार दिवसांत उघडतात.”

“अन् मंग नाक?” ओढणीच्या आतून आवाज आला.

“मंग सोंड.”

ओढणी हलली. आत सुखीबाई हसली की दचकली, ते विमलताईला कळलं नाही. यवतमाळच्या त्या धर्मादाय दवाखान्यात विमलताई नर्स होती आणि ऑपरेशनआधी पेशंटला खरं ते सगळं सांगून टाकायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. खोटी आशा दाखवली की पट्टी सुटताना माणूस रडतो, असा तिचा अनुभव. म्हणून तिनं सोंडेचंही सांगितलं. कपाळाचं कातडं तीन बाजूंनी कापायचं, भुवयांच्या मधे तेवढं जोडलेलं ठेवायचं आणि फिरवून खाली नाकाच्या जागी शिवायचं. तीन आठवडे ते तसंच लोंबणार, वरून रक्त घेत जगणार. नव्या जागी त्यानं जीव धरला की वरचा देठ कापायचा. उघड्या पडलेल्या कपाळावर मांडीचं पातळ कातडं लावायचं.

“म्हंजे कपाळाचं नाक अन् मांडीचं कपाळ,” खाटेच्या पायथ्याशी बसलेला नेमसिंग म्हणाला. “अन् मांडीले काय?”

“मांडीले मलम.”

नेमसिंग हा सुखीबाईचा नवरा. पांढरकवड्याच्या पलीकडं, रानाला खेटून त्यांचा तांडा. बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं, याच्या वाट्याला ज्वारी-तुरीचं वावर आलं. काही माणसं दुःख झालं की गप्प होतात. नेमसिंगची जीभ तेव्हाच जास्त चालायची. गेली तीन वर्षं ती थांबलीच नव्हती.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. सुखीबाई पहाटे मोहाची फुलं वेचायला गेली होती. त्याच झाडाखाली पलीकडून अस्वलही फुलं वेचत आलं. दोघांचीही मान खाली, दोघांचंही लक्ष फुलांत. दोघं पोटासाठीच आलेली, तेव्हा दोष कुणाला द्यायचा? नेमसिंग कुऱ्हाड घेऊन धावला म्हणून जीव वाचला, डोळेही वाचले. नाक गेलं.

आपल्या भाषेनं माणसाची सगळी अब्रू नाकात नेऊन ठेवली आहे. नाक कापलं जातं, नाक राखलं जातं, बरी परिस्थिती असली की ते वर करून चालता येतं. सुखीबाईचं नाक अस्वलानं नेलं, लाज मात्र तिच्या पदरात टाकून गेलं. तिनं ओढणी हनुवटीपर्यंत ओढली ती ओढलीच. जेवायची ती भिंतीकडं तोंड करून. तिच्या काचोळीवर, म्हणजे चोळीवर, आणि ओढणीवर तांड्याच्या रिवाजाप्रमाणे नखाएवढे आरसे टाकलेले; अंगभर आरसे, आणि तीन वर्षांत तिनं एकातही पाहिलं नाही. नाकातली भुरिया, म्हणजे त्यांच्यातली चांदीची नथ, तिनं लेकीच्या, हंसाच्या लग्नासाठी फडक्यात बांधून ठेवली होती.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं लग्न नकटीच्या लेकीचं होतं, आणि विघ्न एकच होतं. तांड्यात लेक सासरी निघाली की एकेकीच्या गळ्यात पडते, गालाला गाल लावते आणि रडत रडत गाते. ढावलो म्हणतात त्या गाण्याला. पहिला मान आईचा. लग्न ठरलं त्या दिवशी हंसा आईसमोर येऊन बसली आणि म्हणाली, “याडी, मी ओढणीच्या गळ्यात पडनार नाही. तुह्या गळ्यात पडीन.”

याडी म्हणजे आई. पोरीनं हे प्रेमानंच म्हटलं होतं, पण सुखीबाईला दोन दिवस घास गिळवला नाही. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, “नागपूरचे मोठे डाक्टर यवतमाळले येतात म्हनते ना? चाल.”

हे मोठे डॉक्टर मूळचे पुण्याचे. वर्षातून एकदा महिनाभर येऊन ते फाटलेले ओठ, जळालेल्या माना नीट करून जात. तपासताना त्यांनी ओढणी स्वतःच्या हातानं वर केली आणि जराही तोंड वाकडं न करता बराच वेळ पाहिलं. तीन वर्षांत इतका वेळ कुणी आपल्या तोंडाकडं पाहिलेलं सुखीबाईला आठवेना. तिला एकदम रडू आलं.

“हे पाहा बाई, देवानं दिलेलं नाक मी देऊ शकत नाही,” ते म्हणाले. “लोक वळून पाहायचे थांबतील, एवढं करून देतो. चालेल?”

“चालते जी.”

“आणि हा डागही काढून टाकू.”

“टाका काढून, बाप्पा,” सुखीबाई म्हणाली. “नाकाहून डाग मोठा हाय का?”

इथंच सगळा घोटाळा झाला. आमच्या मुलखात डाग म्हणजे दागिना. डाग करतात, डाग घालतात, अडीअडचणीला डाग मोडतात. सुखीबाईच्या केसांत सवाशिणीची चांदीची घुगरी-टोपली होती, हातात चांदीचे वाळे होते. ऑपरेशनला हे अंगावर चालत नसेल असं तिला वाटलं. घुगरी-टोपली विधवा बाईच काय ती उतरवते, म्हणून तिथं ती जरा अडली. पण तिनं सगळं उतरवून नेमसिंगच्या धोतराच्या सोग्यात बांधलं. “मी जित्ता हाय ना, मंग कायले भेते?” असं म्हणून नेमसिंग गाठीवर हात ठेवून बसला. डॉक्टरांनी मात्र बोट दाखवलं होतं तिच्या कपाळाकडं. उजव्या बाजूला, केसांच्या कडेशी, पाच हिरव्या ठिपक्यांचं एक फूल गोंदलेलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी विमलताई तिचं कपाळ स्पिरिटनं पुसत होती.

“उद्या हा डाग जाते एकदाचा,” ती सहज म्हणाली.

“डाग तं कालच गेले. हंसाच्या बापूजोळ हायेत.”

“ते डाग नाही वं. हा. गोंदन.” विमलताईनं ठिपक्यांवर कापूस टेकवला. “एवढं कातडं डाक्टर कापून टाकनार. नाकावर हिरवं दिसलं तं लोक नावं ठेवतात म्हनून.”

सुखीबाईनं तिचा हात बाजूला सारला. मग उठली, खाटेखालचं बोचकं ओढलं आणि ओढणी तोंडावर घेतली.

“चाल, हंसाच्या बापू.”

“कुठं?”

“घरी. मले नाक नाही पाह्यजे.”

नेमसिंगला काही कळेना, विमलताईला तर त्याहून कळेना. शेवटी विमलताई दारात आडवी उभी राहिली. “काहून चालली, ते तं सांग. तीन महिने झाले नंबर लावून. काय झालं?”

तेव्हा सुखीबाईनं सांगितलं. ती पाच-सहा वर्षांची असताना बापाची गाडी सरकी घेऊन कळंबच्या बाजूनं चालली होती. वाटेत गोंदणारीण भेटली. आईनं सुखीचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळ अंगठ्यानं दाबून धरलं आणि फूल गोंदून घेतलं. पोर किंचाळत होती आणि आई हसत होती. त्याच पावसाळ्यात आई तापानं गेली. वाटेतच कुठंतरी माती दिली. जागा आता बापालाही सांगता आली नसती. तिचा लुगड्याचा तुकडा नाही, भांडं नाही.

“मेल्यावर सारे डाग इथंच राह्यतात, ताई. गोंदन तेवढं संग येते. वरती गेल्यावर याडी मले कायनं वळखंन? नाकानं? तिनं पाह्यलं ते नाक तं अस्वलानं खाल्लं.”

विमलताई दारातून पुढं आली. तिनं बोचकं तिच्या हातून घेतलं, खाटेवर ठेवलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर आले ते जरा चिडूनच. “बाई, तुम्हाला नाक हवंय की गोंदण?”

“दोन्ही जी.”

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं. मग त्यांना हसू आलं. “विमल, एखादं पान आण बाहेरून. मोठं.”

विमलताईनं पळसाचं पान आणलं. डॉक्टरांनी कात्रीनं त्याला नाकाच्या मापाचा आकार दिला, कपाळावर ठेवलं आणि गोंदणाच्या जागी पेन्सिलीनं खूण केली. मग देठाशी बोट धरून पान खाली फिरवलं. उजवीकडची खूण डावीकडं आली आणि नाकपुडीच्या कडेवर बसली.

“इथं येईल,” ते म्हणाले. “पण त्यासाठी कातडं मला जरा तिरकं घ्यावं लागेल. नाक किंचित वाकडं होईल. मग मला बोल लावायचा नाही.”

“वाकडं चालते जी. वळखीचं पाह्यजे.” सुखीबाईनं पानावरच्या खुणेला हात लावला. “इथं तं माही भुरिया व्हती.”

आणि ती हसली. ओढणी वर असताना, परक्या पुरुषासमोर, ती तीन वर्षांत पहिल्यांदा हसत होती. नेमसिंगची जीभ त्या दिवशी एकदाची थांबली.

विमलताईनं सांगितलं होतं तसंच सगळं झालं. तोंड सुजलं, डोळे मिटले, तोंडानं श्वास घेऊन घशाला कोरड पडली. डोळे उघडले तेव्हा समोर नेमसिंग होता. त्यानं सोंडेकडं पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, “कळंबचा चिंतामणी गनपती इथं येऊन बसला तं! लोकायले कायले तिकडं पाठवून राह्यले?” टाके ताणतील म्हणून हसायची मनाई होती. सुखीबाईनं त्याला चिमटा काढला.

एक गोष्ट मात्र विमलताईनं सांगितली नव्हती. एकदा नाकावर माशी बसली आणि सुखीबाईनं हात मारला तो कपाळावर. माशी नाकावरच. तिनं हळूच बोटानं नाकावरच्या ठिपक्यांना स्पर्श केला. तो कपाळावर कळला, उजवीकडं, केसांच्या कडेशी, आईचा अंगठा होता तिथंच.

“देठ जुडून हाय तोवर असंच असते,” विमलताई म्हणाली. “नाकाले अजून वाटते का आपुन कपाळच हावो. देठ कापला का जाते ते. मंग कितीक दिवस ती जागा मुकीच असते.”

तेवढे दिवस सुखीबाई दुपारी सगळं सामसूम झालं की डोळे मिटून नाकावर बोट ठेवून पडून राहायची. शेजारच्या खाटांना वाटायचं, बाईला नाकाचं कौतुक सुटत नाही.

देठ कापला गेला. पट्टी सुटली तेव्हा विमलताई आरसा आणायला निघाली, तर सुखीबाईनं तिचा हात धरला. बोचक्यातून काचोळी काढली आणि तिच्यावरच्या एका आरशात पाहिलं. नखाएवढा आरसा, त्यात नाकच मावलं. जरा वाकडं, जरा जाड, आणि डाव्या कडेवर पाच हिरवे ठिपके. तिनं ठिपक्यांवर बोट ठेवलं. कपाळावर काही कळलं नाही, नाकावरही नाही. तिला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी मन इतकं भरून आलं की एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते सांगता येईना.

निघताना तिनं तो आरसा टाके उसवून काढला आणि विमलताईच्या हातात ठेवला. “तुले देयाले माह्यापासी दुसरं काही नाही. पन तुनं मले खरं सांगतलं.” डॉक्टरांच्या पाया पडायला गेली तर ते मागं सरकले. म्हणाले, “मला शिकवलंत तुम्ही, बाई. नाक पेशंटला विचारून करायचं असतं.” नेमसिंगनं सोग्याची गाठ सोडली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून बायकोच्या केसांत घुगरी-टोपली स्वतः अडकवली. बांधता नीट आली नाही. मोटारीत बसेपर्यंत एका बाजूनं लोंबत होती.

होळीनंतर हंसाचं लग्न लागलं. सुखीबाई ओढणी मागं टाकून मांडवात वावरली. बायकांनी पाहिलं, थोडं जास्त पाहिलं, आणि मग स्वयंपाकाला लागल्या. एवढंच तर डॉक्टरांनी कबूल केलं होतं. निघायच्या वेळी हंसा आईसमोर आली. तिच्या नाकात आईची भुरिया होती. तिनं आईचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आधी पोटभर पाहिलं, मग गळ्यात पडली आणि ढावलो गायला लागली. गालाला गाल लागला, भुरिया ठिपक्यांना टेकली. गाणं दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा तुटलं तेव्हा सुखीबाईनंच ते पुढं नेलं.

वराची आई भुरीबाई बाजूला उभी होती. महागावकडची, करारी बाई. सोयरिकीच्या बोलण्यांत तिनं सुखीबाईला ओढणीतच पाहिलेलं. रडणं ओसरल्यावर ती जवळ आली आणि डोळे बारीक करून सुखीबाईच्या नाकाकडं पाहू लागली. उन्हात हिरवे खडे बसवल्यासारखं काहीतरी तिथं दिसत होतं.

“समदीन,” तिनं विहिणीला हाक दिली, “हा डाग कवा केला?”

“लहान व्हती तवा. माह्या याडीनं केला.”

“मंग सोयरिकीले आलो तवा दिसला नाही. कुठं ठेवला व्हता?”

सुखीबाईचा हात सवयीनं ओढणीकडं गेला आणि तसाच खाली आला.

“कपाळात व्हता,” ती म्हणाली, आणि लेकीची गाडी जाताना पाहायला मांडवाबाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.