कोऱ्या चिठ्ठीची बरणी

मित्रांनो, कपाटाच्या तळच्या फळीवर ही जुनी काचेची बरणी दिसते ना, तिच्यातला करडा गोळा म्हणजे मी. समुद्रातला स्पंज. मी प्राणी आहे, पण मला मेंदू नाही, नसा नाहीत. त्यामुळे दुखलं, रडलो, असलं काही माझ्या गोष्टीत येणार नाही.

थंड समुद्राच्या तळाशी मी एका दगडाला धरून होतो. तिथे उजेड पोहोचत नाही. पाणी आत घ्यायचं, त्यातले कण ठेवून घ्यायचे, पाणी सोडून द्यायचं, एवढंच काम. मुठीएवढा होईपर्यंत कित्येक वर्षं गेली.

एक दिवस पाहणीच्या जहाजाचं जाळं तळ खरवडत आलं आणि मी वर गेलो. डेकवर एक खलाशी म्हणाला, "साहेब, चहात पडलेला पाव सापडला बघा."

"आधी हातमोजे घाल. काचेच्या सुया असतात त्याच्या अंगात," जहाजावरचे संशोधक म्हणाले. त्यांना पुढे सगळे सर म्हणू लागले.

त्या दिवशी जाळं नऊ ठिकाणी टाकलं होतं. मी त्यातला कुठला, हे सरांनी एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी माझ्याबरोबर अल्कोहोलात टाकली. अशी चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची असते. पण पेन्सिल लाटेच्या हिसक्याने घरंगळून गेली होती आणि खिशात बॉलपेन होतं. काही दिवसांत शाई अल्कोहोलात उतरली. चिठ्ठी कोरी झाली.

सुरुवातीला मला पाहुण्यांना दाखवत. मग मी मागच्या रांगेत गेलो. अल्कोहोल आटलं की कुणीतरी भर घाली, कधी विसरे. अशी एकवीस वर्षं.

मग सरांच्या हाताखाली एक ताई आली. त्या नऊ ठिकाणांपैकी एका दगडी उंचवट्यावर मासेमारीच्या जड जाळ्यांना यापुढेही परवानगी द्यायची का, हे एक समिती लवकरच ठरवणार होती. तिथे दुर्मिळ स्पंज राहतो असं दाखवलं, तरच ती जागा वाचणार होती.

ताईने माझा नखाएवढा तुकडा ब्लीचमध्ये टाकला. मांस विरघळलं, सुया उरल्या. तिने सूक्ष्मदर्शकाखाली पन्नास सुयांचा आकार मोजला.

"जात पटली, सर. दुर्मिळच आहे. पण हा राहायचा कुठे?"

सरांनी बरणीतली कोरी चिठ्ठी चिमट्याने बाहेर काढली. "चिठ्ठी मी लिहिली होती. बॉलपेनने. मुलांना पहिल्या दिवशी जे शिकवतो, तेच मी केलं नाही."

"दाबून लिहिता का तुम्ही?"

"बायको म्हणते, तुमचं पत्र खालच्या तीन पानांवरही वाचता येतं."

ताईने चिठ्ठी वाळवली आणि दिवा अगदी आडवा धरला. पेनाच्या दाबाने कागदावर उठलेल्या खळग्यांत सावल्या पडल्या आणि अक्षरं दिसली. ठिकाण सहा, खोली दोनशे चौदा मीटर. तोच उंचवटा.

"आता तिथे काही उरलंय का, तेही बघायला हवं," सर म्हणाले.

जहाजावरून कॅमेरा त्या उंचवट्यावर खाली गेला. पहिल्या दिवशी फक्त खरवडल्याचे पट्टे आणि उलटलेले दगड दिसले. दुसऱ्या दिवशी एका दगडाच्या आडोशाला अंगठ्याएवढा एक दिसला. माझ्यासारखा.

"तुकडा आणावा लागेल," सर म्हणाले. "नुसत्या चित्रावरून नाव देता येत नाही."

"एवढासा तर आहे, सर. तुकडा आणायचा म्हणजे सगळाच आणायचा. नावासाठी हा बरणीतला आहे की. त्याला राहू द्या."

"आणि समितीने मानलं नाही तर?"

"आणि याला आणून मानलं, तर वाचलेल्या जागेत राहणार कोण?"

समितीने माझ्या सुया, चिठ्ठी आणि त्याचं चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. उंचवट्यावर पाच वर्षं जाळी टाकायला बंदी आली. पाच वर्षांत तो जेमतेम नखभर वाढेल.

मला आनंद झाला का, विचारू नका. तेही मला येत नाही. माझ्या बरणीत आता दोन चिठ्ठ्या आहेत. एक कोरी. दुसरीवर माझी जागा, सरांनीच लिहिलेली, तितकीच दाबून.

मित्रांनो, कुणाला त्याच्या जागेवरून उचलावंच लागलं, तर ती जागा आधी लिहून ठेवा. पेन्सिलीने.