संपामुळं घरी आलेला माणूस

एसटीचा संप मिटू नये असं अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकाच बाईला वाटत असेल, आणि ती होती संपकऱ्याचीच बायको. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावानं तिला दारात उभं केलं नसतं.

सोनाली तिचं नाव. बेंबळीच्या पुढं पाच किलोमीटरवर तिचं गाव. नवरा कुलदीप एसटीत ड्रायव्हर, पण ड्युटी कुठं, तर पार कोकणात, घरापासून साडेचारशे किलोमीटरवर. भरती तिकडं निघाली, तिकडंच लागला. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि नऊही वर्षं त्याचा बदलीचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर निवांत पडून होता. वर्षातून तीनदा माणूस घरी यायचा. पहिले दोन दिवस झोपायचा, तिसऱ्या दिवशी पोरीशी ओळख व्हायची आणि चौथ्या दिवशी पिशवी भरायची. आता ह्याला काय संसार म्हणायचा? जेवलात का, झोपलात का, एवढं फोनवर विचारण्यातच बाईचं आयुष्य निघून चाललं होतं.

मग त्या दिवाळीत संप लागला. राज्यभर गाड्या डेपोत उभ्या राहिल्या आणि कुलदीप घरी आला. आठ दिवसांत मिटेल म्हणता म्हणता महिना गेला, दोन गेले.

पहाटे चारला त्याला आपोआप जाग यायची. उठून ओट्यावर नुसताच बसायचा. जेवायचा तर असा, की जणू मागं प्रवासी खोळंबलेत. सोनाली म्हणायची, "अहो, हळू. कोण सोडून चाललंय तुम्हाला?" संक्रांतीपर्यंत गडी मांडी घालून, दुसऱ्यांदा कालवण मागून घेऊन जेवायला लागला. सात वर्षांची हर्षाली आधी बापाला लाजायची, ती आता त्याच्या पाठीवर बसून शाळेत जायची. ज्वारी काढायला दोघं बरोबर जायचे. दुपारी बांधावर तो भाकरी मोडायचा आणि मोठा तुकडा तिच्याकडं सरकवायचा. सोनालीला वाटायचं, हेच तर पाहिजे होतं. ह्याच्या पलीकडं आपण देवाला मागितलं तरी काय होतं?

पगार बंद होता, ते खरंच. गावाचं तोंडही फिरलं होतं. सुरुवातीला लोक म्हणायचे, "देऊन टाका की बिचाऱ्यांना, रात्रंदिवस गाडी हाकतात." तीन महिन्यांनी तीच तोंडं म्हणायला लागली, "माजलेत लेकाचे." लोकांचं तरी काय चुकलं? पोरींची कॉलेजं बुडाली, म्हाताऱ्यांचे दवाखाने राहिले, आणि काळी-पिवळी जीपवाले मागतील ते भाडं घ्यायला लागले. पारावरून कुणीतरी हटकायचंच, "काय डायव्हरसाहेब, झालात का सरकारात विलीन?" कुलदीप मान खाली घालून पुढं जायचा.

संपकरी म्हणत होते, एसटी सरकारात विलीन करा. वरून उत्तर होतं, आधी कामावर या. मधल्यामधे नोटिसा निघत होत्या, आधी निलंबनाच्या, मग बडतर्फीच्या. कुलदीपला निलंबनाचा कागद आला. आयुबला सरळ नोकरीवरून काढल्याचाच आला. आयुब येडशीचा, कंडक्टर. कोकणात कुलदीपच्याच खोलीवर राहायचा, त्याच्याच गाडीवर घंटी मारायचा. एकाला ताप आला तर दुसरा पेज करून घालायचा, अशी त्यांची जोडी.

मार्चात एका सकाळी गावातले महांतप्पाकाका दारात आले. काका एसटीतूनच रिटायर झालेले, साहेब लोकांत त्यांची ऊठबस. कुलदीप धाराशिवला, आंदोलनाच्या मंडपात गेला होता. काका पाणी प्यायले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "सोनाली, नीट ऐक. साहेबांना डायव्हर पाहिजेत. उद्या दहाच्या आत जो आपल्या धाराशिव डेपोत हजर होईल, त्याची बदली इथंच करून देतो म्हणलेत. निलंबनबी मागं घेतील. म्या तुझ्या मालकाचं नाव सांगून आलोय."

"इथंच म्हणजे, काका?"

"इथंच म्हणजे सकाळी जायचं अन् संध्याकाळी घरी यायचं. पण म्या मंडपात जाऊन सांगितलं तर पोरांच्या देखत तो मला झिडकारंल. तू सांग. तुझं ऐकंल."

सोनालीच्या हातातला तांब्या हातातच राहिला. रोज संध्याकाळी घरी! काका गेल्यावर तिनं एकटीनंच एकदा ते मोठ्यानं म्हणून बघितलं. मग तिनं घाईघाईनं चार भाकरी थापल्या, पिठलं केलं, डबा बांधला आणि काळी-पिवळीत जाऊन बसली.

जीपमधे शेजारी गावातलीच कस्तुराबाई होती, पण म्हातारीला मोतीबिंदू. शेजारी कोण बसलंय ते तिला कुठं दिसतंय? अख्ख्या जीपला ऐकू जाईल असं ती बोलत होती. "माझ्या लेकीला लेक झाला, दोन महिने झाले, नातवाचं तोंड बघितलं न्हाय म्या. अन् ह्यांच्या बायका बऱ्या, घरात नवरे घेऊन बसल्यात!"

जीप हसली. सोनालीचे कान तापले, कारण म्हातारी बोलत होती ते खरंच होतं. तिच्या अगदी ओठावर आलं होतं, की मावशे, उद्या माझा मालक गाडी काढतोय, पहिल्या शिटावर बस. पण तिनं मांडीवरचा डबा घट्ट धरला.

मंडपात पोचली तेव्हा कुलदीपच्याच हातात माईक होता. घरात दोन शब्द बोलायचे तर खाकरणारा माणूस, आणि इथं आवाज चौकापर्यंत. "बदलीचं आमिष दाखवायलेत आपल्याला! माझा अर्ज नऊ वर्षं पडून हाय. पण आयुबसारख्याची नोकरी गेली असताना जो फुटंल, त्यानं माझ्या दारात पाय ठेवू नये!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत आयुब बसला होता, दाढी वाढलेली, मान खाली. त्याची बायको अलिजा सोनालीला बघून जवळ सरकली आणि तिनं तिचा हात धरला. "भाबी, कुलदीपभाई हायेत म्हणून हे तगलेत. घरात तर बोलतच न्हाईत कुणाशी."

कुलदीप खाली उतरून आला. "तू कशी काय? घरी बरं हाय ना?"

सोनालीनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर टाळ्या अजून ताज्या होत्या. आता ते शब्द तोंडातून काढायचे तरी कसे? नाही म्हणाला, तर आपण त्याच्या मनातून उतरणार. हो म्हणाला, तर आयुबच्या नजरेतून तो उतरणार, आणि रोज संध्याकाळी घरी येईल तो मान खाली घालूनच. तिला वाटलं, माईकवर बोलला तोच खरा माणूस. बायकोनं त्याला खाली ओढू नये.

"व्हय, बरं हाय," ती म्हणाली. "भाकरी आणली."

"एवढ्यासाठी आलीस?"

"एवढ्यासाठीच."

घरी परतल्यावर तिनं काकांना सांगितलं, मालक नाही म्हणाले. काकांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी दहा वाजले तेव्हा ती दगडावर धुणं आपटत होती, आणि कुलदीप पोरीची वेणी घालायला शिकत होता. दोन दिवसांनी कळलं, इथली जागा दुसऱ्याच एकानं घेतली.

एप्रिलात कोर्टानं तारीख दिली. तोवर हजर व्हा, नोकऱ्या राहतील. निलंबनं मागं घेतली. आयुबचीही नोकरी परत मिळाली. हे ऐकलं त्या दिवशी सोनाली आनंदानं हसली, आणि मग चुलीपुढं जाऊन खूप रडली. ज्याच्यासाठी आपण गप्प बसलो, त्याचं तर आपोआपच झालं की!

साडेपाच महिन्यांनी गावात गाडी आली. काय ते कौतुक! बायांनी गाडीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, ड्रायव्हरला हार घातला. कालपर्यंत शिव्या देणारी तोंडं त्याला "दादा, च्या घ्या" म्हणत होती. कस्तुराबाई तर सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत फिरत होती.

त्याच गाडीनं कुलदीप चालला होता. धाराशिव, आणि तिथून कोकण. हर्षाली त्याच्या पायाला मिठी मारून बसली होती. दाराजवळ तो थांबला, इकडंतिकडं बघितलं आणि सोनालीकडं वाकून हळूच म्हणाला, "एक सांगू? कुणाला बोलू नगं. मंडपात म्या लई मोठ्यानं बोलायचो ना? मार्चात साहेब लोकांनी दोघाचौघांना इथं बदली देऊ केली म्हणं. म्या रोज वाट बघायचो, मला कोण इचारतंय का."

सोनालीच्या हातावर साखर होती. तिची मूठ मिटली.

"एकदा जरी कुणी इचारलं असतं ना, सोनाली, म्या अनवाणी पळत गेलो असतो. आयुबच्या पाया पडलो असतो, माफी मागितली असती, पण गेलो असतो." तो ओशाळून हसला. "कुणी इचारलंच न्हाय."

"अहो," ती म्हणाली, "अहो, ऐका," पण कंडक्टरनं डबल घंटी मारली. कुलदीपनं पोरीचा मुका घेतला आणि पायरीवर चढला. खिडकीतून हात बाहेर काढून तो ओरडला, "जा घरी, ऊन लागंल!"

गाडी वळणापल्याड गेली तरी सोनाली तिथंच उभी होती. तिचे डोळे धो धो वाहत होते. कस्तुराबाई चाचपडत जवळ आली, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नगं गं बाई. साखर घाल तोंडात. दिवाळीला येतील की."