निम्मा शब्द माझा

माझी नणंद राही इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेली. नवरा गेला तशी ती नागावला आमच्याकडे आली, आणि माणगावचे सासरचे तिला राबायला परत न्यायला टपलेच होते. तिला वाट एकच होती, मुलींच्या शाळेत नव्यानं निघालेली मास्तरणीची जागा. परीक्षा घेणार रावजी मास्तर. ते शेवटी एक लांबलचक इंग्रजी शब्द फळ्यावर लिहितात, तो तोडून म्हणायला लावतात आणि कसा बनला ते विचारतात, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

म्हणून आम्ही महिनाभर भात कांडताना शब्द तोडले. उखळ एक, मुसळं दोन. तिच्या घावाला एक तुकडा ती म्हणायची, माझ्या घावाला पुढचा मी. मला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझा घाव कधी चुकला नाही.

परीक्षेला मी सोबत गेले आणि खिडकीशी उभी राहिले. मास्तरांनी फळाभर शब्द लिहिला. राही म्हणाली, "इन्."

आणि थांबली. मास्तर बघतायत. मग माझ्या ध्यानात आलं, बया माझ्या घावाची वाट बघतेय! 'इन्'नं सुरू होणारा आमचा शब्द एकच होता.

"कॉम्!" मी खिडकीतून ओरडले.

"प्रि."

"हेन्!"

"सि." "बि!" "लि." "टी!"

मास्तर लालबुंद झाले. "ही चोरी आहे!"

"चोरी कसली? सगळ्या गावाला ऐकू गेलं!" मी म्हटलं. "घरी निम्मा शब्द माझाच असतो."

"वहिनी, तू गप ऱ्हा," राही म्हणाली. तिनं पदर खोचला आणि दोन्ही मुठी टेबलावर आळीपाळीनं आपटत आठही तुकडे एकटीनं म्हटले, इन्-कॉम्-प्रि-हेन्-सि-बि-लि-टी. शाईची दौत नाचली. माझे चारही तिला पाठ होते, फक्त म्हणायची सवय नव्हती.

"आणि बनला कसा?" मास्तरांनी विचारलं.

"मधला दाणा म्हणजे समजणं. मागं तूस चिकटलं, समजण्याजोगं असणं झालं. पुढं 'इन्' चिकटलं, सगळं उलटं झालं. कुणाला समजूच न्हाय असं असणं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारपासून या, बाई." मग माझ्याकडे वळले. "तुझं शिक्षण किती?"

"निम्मा शब्द," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

सोमवारी राहीनं हजेरीचा पट उघडला आणि पहिलं नाव माझं लिहिलं. जनी, वय एकोणतीस. पुढं नवऱ्याचं नाव तिनंच घातलं, मी घेत नाही. ह्यांना मात्र सकाळीच सांगून आले होते, आजपासून भात संध्याकाळी कांडायचं, आणि दुसरं मुसळ तुम्ही धरायचं.