तीनची रेघ, चारचं नाव

दीर म्हणायचा, अख्ख्या कारखान्यात चालू डोकं एकच, आमच्या वहिनीचं. बाकी सगळी खोकी. तो खाली बॉयलरवर फिटर, ती वरच्या मजल्यावर आकडे बघायला. प्रत्येक बॉयलरच्या पाइपांची थरथर तिच्या स्क्रीनवर यायची. कुठला दगा देणार, ते ती आधी सांगायची.

तिचं सगळं काम आर नावाच्या संगणकाच्या भाषेत. हिशोब पक्का, पण साहेबाला आलेख पटायचे नाहीत. "ह्या काय उंदराच्या शेपट्या काढल्यात? आधीच्या माणसाचे कसे झकास असायचे!" आधीचा माणूस पायथन नावाच्या दुसऱ्या भाषेतला. तो नोकरी सोडून गेला, त्याचा चित्रं काढायचा प्रोग्राम तेवढा मागे राहिला.

मग तिने शक्कल लढवली. आपली आरची खिडकी सोडायची नाही, तिच्यातूनच पायथनला हाक मारायची. हिशोब आपला, चित्र त्याचं. एररवर एरर आले, डोक्याचं भजं झालं, पण शेवटी तिच्याच खिडकीत लालभडक रेघ उमटली. तिने खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

"सगळ्यात वाईट बॉयलर तेवढा काढा," साहेब दारातूनच ओरडला. "मीटिंगला ढीगभर चित्रं कोण बघतंय?"

म्हणून एकच काढलं. रेघ पार आभाळाला टेकलेली, वर ठसठशीत नाव, बॉयलर चार. साहेबाने लगेच चार बंद करायला लावला. चारवर दीर होता.

जेवणाच्या सुट्टीत तो वर आला. "वहिनी, माझ्या पोटावर पाय दिलात ना!"

"जीव वाचवला म्हणा, भाऊजी."

"कसला वाचवला? तीनवर पाठवलंय मला."

"तीन गुणाचा आहे."

"माझ्यासारखा?"

"तुमच्यापेक्षा बरा."

तो खिदळत खाली गेला.

दुरुस्तीवाल्याला द्यायला तिने त्याच प्रोग्रामात चारचं जुनं चित्र मागितलं. वर नाव आलं, बॉयलर पाच. परत मागितलं. परत पाच.

तिने प्रोग्राम उघडून ओळ न ओळ बघितली. आर एकापासून मोजते, पायथन शून्यापासून. तिने तिसरा म्हटलं की पायथन नावांच्या रांगेतून चौथं नाव उचलून द्यायचा. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच! पण दोघं एकाच खिडकीत बसलेले, कोणाचं बोट कुठून मोजतंय ते बघायचं राहून गेलं. रेघ आरने मोजून दिलेली, तीनचीच होती. नाव तेवढं चारचं.

तिने खाली फोन लावला. त्या धडधडाटात फोन कोण ऐकतंय? साहेबाच्या दारावरचा शिपाई म्हणाला, "मीटिंग चालू आहे, नंतर या." ती त्याला ढकलायलासुद्धा थांबली नाही. जिना उतरत सुटली.

दीर तीनच्या मागच्या बाजूला शिडीवर होता, कानात बोळे. ती दारातून ओरडली, "भाऊजी, बाहेर या!" त्याला तोंड हलताना दिसलं, शब्द नाही. घरी काहीतरी झालं असं वाटून तो पटापट उतरला आणि बॉयलरच्या पुढून तिच्याकडे यायला लागला. तिने दोन्ही हात हलवले, मागे व्हा, मागे व्हा. त्याला वाटलं, लवकर ये म्हणतेय. तो पळायला लागला.

तेवढ्यात पाइप फुटला. पांढऱ्या वाफेत सगळं गडप झालं.

दोघा कामगारांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. कोणीतरी तिच्या नवऱ्याला फोन लावून तिच्या कानाला टेकवला.

"तो तर चारवर असतो," नवरा म्हणत होता. "आणि चार तर तू बंद करायला लावलास, मघाशी फोनवर म्हणालीस ना? मग तो ठीक आहे ना? अगं, बोल ना."