सहावं बोट

आयुष्यभर चित्रकथा काढलेल्या फिर्मां लंबेरला म्हातारपणी ब्रुसेल्सच्या एका कलादालनानं मान दिला. त्याची जुनी मूळ पानं भिंतीवर लागली. पेन्सिल त्याची, त्यावरची शाई बायकोची, ओदेतची. साप्ताहिकात नाव मात्र एकट्या फिर्मांचं छापून यायचं. आज पाटीवर दोघांची नावं होती, म्हणून ओदेतनं नवा कोट चढवला होता.

सगळ्यांत जास्त गर्दी वैमानिकाच्या पानापुढे. विमानाच्या पंखाला एका हातानं लोंबकळणारा वैमानिक, खाली खवळलेला समुद्र. दालन चालवणाऱ्या बाई पाहुण्यांना सांगत होत्या, "रेषेची जाडी बघा. उजेडाकडे बारीक, सावलीकडे जाड. आणि हा हात! काय ताकद आहे पकडीत!"

फिर्मांनं चष्मा पुसला, हाताकडे पाहिलं, बोटं मोजली. परत मोजली. मग ओदेतचं कोपर धरून तिला खांबाआड नेलं.

"ओदेत, त्याला सहा बोटं आहेत."

"आहेत."

"आहेत म्हणजे? तुला माहीत होतं?"

"शाई मीच तर केली."

"मग एक गाळलं का नाहीस?"

"मी त्याचं नाक जरा सरळ केलं म्हणून तू त्या आठवड्यात घर डोक्यावर घेतलं होतंस. 'माझ्या पेन्सिलीत लुडबुड नको, आहे तसं गिरव,' म्हणालास. गिरवलं."

"आणि इतकी वर्षं अवाक्षर नाही!"

"तू कुठे विचारलंस?"

चुकलेली रेष झाकायच्या पांढऱ्या रंगाची बाटली आणि बारीक कुंचला फिर्मांच्या खिशात कायम असायचा. बाई पाहुण्यांना घेऊन पुढच्या भिंतीकडे वळल्या, तसा तो पानापाशी सरकला. कुंचला कागदाला टेकणार, तोच कुणीतरी मनगट धरलं.

"आजोबा, शोभतं का हे?" रखवालदार म्हणाला.

"अहो, चित्र माझंच आहे!"

"कालही एक जण हेच सांगत होता."

"एक बोट जास्त झालंय हो. ते पुसतो आणि जातो."

रखवालदारानं वाकून मोजलं. "अरे, खरंच की!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला, की सगळी गर्दी माघारी आली. त्यात पानाचा मालकही होता, नामूर गावचा एक दातांचा डॉक्टर. फिर्मांनं मान खाली घातली.

"माफ करा. तुम्ही हौसेनं पान घेतलंत, आणि मी हा असा..."

"लंबेरसाहेब, मी त्या बोटासाठीच तर घेतलं! लहानपणी त्यावरून वर्गात आमच्या मारामाऱ्या व्हायच्या. माझं म्हणणं, पाच बोटांवर तो तगलाच नसता. खबरदार कुंचला लावाल तर!"

"गती दाखवायची ती एक रीत असते," बाईंनी घाईघाईनं खुलासा केला.

"रीत कसली," ओदेत म्हणाली, "भांडण होतं ते."

दालनभर हशा पिकला. फिर्मांनं मुकाट्यानं बाटलीचं झाकण लावलं.

संध्याकाळी दोघं चौकात बाकावर तळलेले बटाटे खात बसले.

"ओदेत, आणखी काय काय गिरवलंस, सांगून टाक एकदाचं."

"आधी खा. गार होतील."

"म्हणजे आहे काहीतरी!"

"वाळवंटातल्या गोष्टीत एक घोडा आहे. त्याचे मागचे पाय..."

"बास, बास!" फिर्मां म्हणाला, आणि त्याला असं काही हसू फुटलं, की बटाटा घशात अडकला आणि ओदेतला त्याच्या पाठीत दोन रट्टे घालावे लागले. दुसरा जरा जोरातच बसला.